विजेच्या गाडीपाशी जुन्या मोटार कंपन्यांचे घोडे नेमके कोठे पेंड खाते?

जमाखर्च (धागाकर्ता)

नमस्कार. मी व्यवसायाने लेखापाल आहे आणि बॉनेटखाली काय चालते याचे माझे ज्ञान पाणी आणि ऑइल तपासण्यापलीकडे गेलेले नाही. नवी गाडी विजेवरची घ्यावी की पेट्रोलची, यावर आमच्या घरात दिवाळीपासून खल चालू असल्यामुळे बरेच वाचन झाले आणि त्यातून एक कोडे उभे राहिले. ते येथे मांडतो.

विजेवरची गाडी रचनेने इंजिनाच्या गाडीपेक्षा साधी असते, असे सगळेच सांगतात. तिला पिस्टन नाहीत, क्लच नाही, पाच-सहा गतींचा गिअरबॉक्स नाही, सायलेन्सर नाही. असे असताना ज्या कंपन्यांनी याहून कितीतरी किचकट यंत्र पिढ्यान्‌पिढ्या लाखोंच्या संख्येने बनवले, त्यांना हे साधे यंत्र बनवताना घाम का फुटावा? फोर्डने 2022 मध्ये विजेवरच्या गाड्यांचा विभाग ‘मॉडेल ई’ या नावाने वेगळा केला आणि पुढच्या वर्षापासून त्याचे आकडे स्वतंत्रपणे जाहीर करण्यास सुरुवात केली. 2023 मध्ये या विभागाने सुमारे 1 लाख 16 हजार गाड्या दिल्या आणि 4.7 अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. भागाकार केला तर गाडीमागे 40 हजार डॉलर होतात. 2024 मध्ये तोटा 5 अब्जांच्याही पुढे गेला. फोक्सवॅगनने डिसेंबर 2024 मध्ये कामगार संघटनेशी करार करून 2030 पर्यंत जर्मनीतील 35 हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे ठरवले.

‘या कंपन्या सुस्तावल्या’ आणि ‘चीनने अनुदान देऊन बाजार काबीज केला’ ही दोन उत्तरे मी पुष्कळदा वाचली आहेत. दोन्हींत तथ्य असेल, पण इतके पैसे आणि इतके अभियंते पदरी असलेली कंपनी नुसती सुस्त असल्यामुळे अडते, हे मला पटत नाही. या धंद्यात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी घोडे नेमके कोठे पेंड खाते ते सांगावे, ही विनंती.

तारजाळे

जमाखर्च, मोटरपाशी कोणाचेच अडलेले नाही. विजेची मोटर कोणतीही जाणती कंपनी वर्षा-दोन वर्षांत उत्तम बनवू शकते. मी पुण्यात अकरा वर्षे गाड्यांचे वायरिंग हार्नेस आखण्याचे काम केले असल्यामुळे मला जी अडचण जवळून दिसली तेवढीच सांगतो.

ज्यांनी हार्नेस पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गाडीतले गालिचे, आसने आणि डॅशबोर्ड काढून टाकल्यावर पत्र्याला चिकटून, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली, कोठे मनगटाएवढी तर कोठे करंगळीएवढी जाड आणि जागोजागी फाटे फुटलेली तारांची जी जुडी दिसते, तो हार्नेस होय. इतर बरीच कामे यंत्रमानवांच्या हाती गेली तरी ही जुडी अजूनही बहुतांशी भिंतीएवढ्या फळीवर, खुंट्यांभोवती, माणसांच्या हातांनीच गुंफली जाते. ती इतकी जाड का झाली, यात तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत गाडीत एकेक सुविधा वाढत गेली, आणि प्रत्येक सुविधेबरोबर एक स्वतंत्र नियंत्रक, म्हणजे आमच्या भाषेत ईसीयू, येत गेला. काच वर-खाली करणारा एका पुरवठादाराचा, आसन सरकवणारा दुसऱ्याचा, ब्रेकचा तिसऱ्याचा. मोटार कंपनी अपेक्षांचा कागद लिहून द्यायची, पुरवठादार आतल्या प्रणालीसह बंद डबी आणून द्यायचा आणि खरेदी विभाग दरवर्षी त्या डबीची किंमत थोडी थोडी घासून कमी करायचा. इंजिनाच्या गाडीसाठी ही व्यवस्था अतिशय हुशारीची होती, आणि तिला नावे ठेवणाऱ्यांनी तिच्यामुळे गाड्या किती स्वस्त झाल्या हेही ध्यानात ठेवावे. मात्र तिच्यामुळे गाडीतली आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, मोटार कंपनीच्या मालकीची राहिली नाही. फोर्डचे प्रमुख जिम फार्ली यांनी 2023 मध्ये हे स्वतःच बोलून दाखवले: गाडीत असे सुमारे दीडशे नियंत्रक आहेत, त्यांची आज्ञावली दीडशे वेगवेगळ्या कंपन्यांनी लिहिली आहे आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. आपल्या विजेवरच्या मस्टँग माक-ई गाडीचा हार्नेस आवश्यकतेपेक्षा 1.6 किलोमीटर लांब आणि सुमारे 32 किलो जड असल्याचे आपल्याला ठाऊकच नव्हते, अशी कबुलीही त्यांनी त्याच वर्षी दिली. हे वाचून मला हसू आले नाही, कारण त्यातल्या कित्येक मीटरांचे पाप माझ्यासारख्यांच्या खात्यावर आहे.

एक अनुभव सांगतो. कंपनीचे नाव सांगत नाही. दार बंद केल्यानंतर आतला दिवा विझण्यास लागणारा वेळ दोन सेकंदांनी वाढवायचा होता. आज्ञावलीत बदलायचा होता एक आकडा. त्या आकड्याशी तीन पुरवठादारांचा संबंध येत होता, तिघांनीही बदलाचे वेगवेगळे दरपत्रक पाठवले, मग चाचणी कोणी करायची यावर बैठका झाल्या, आणि तो दिवा इच्छित वेळी विझण्यास पाच महिने लागले. ज्या गाडीची बॅटरी, मोटर, ब्रेक, चार्जिंग आणि वातानुकूलन हे सगळे क्षणोक्षणी एकमेकांच्या हिशेबाने चालले पाहिजे, आणि ग्राहकाच्या दारात उभी असताना जिची प्रणाली रात्रीतून बदलता आली पाहिजे, ती गाडी या पद्धतीने कशी बनणार?

फोक्सवॅगनला हे कळले नाही असे म्हणता येणार नाही. तिचे तेव्हाचे प्रमुख हर्बर्ट डीस यांनी सगळ्या समूहासाठी एकच आज्ञावली लिहिणारी ‘कॅरिअड’ नावाची कंपनी उभी केली. परंतु पोर्शे, औडी आणि मूळ फोक्सवॅगन यांच्या मागण्या तिघींच्या तीन दिशांना, आणि पत्रा-इंजिनाच्या संस्कृतीत वाढलेले व्यवस्थापन. फोक्सवॅगनची विजेवरची ‘आयडी.3’ 2020 च्या सप्टेंबरमध्ये पहिल्या ग्राहकांच्या हाती पडली तेव्हा तिच्यातल्या काही सुविधा चालू झालेल्या नव्हत्या आणि त्या पुढच्या वर्षी मिळाल्या. विजेवरची पोर्शे माकान आणि औडी क्यू6 ई-ट्रॉन या दोन्ही गाड्या मुख्यतः आज्ञावलीमुळे रखडल्या. डीस यांना 2022 मध्ये पद सोडावे लागले. 2024 मध्ये याच समूहाने रिव्हियन या तरुण अमेरिकन कंपनीबरोबर संयुक्त कंपनी काढली आणि तिच्यासाठी 5.8 अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक जाहीर केली. तो व्यवहार मुख्यतः आज्ञावली आणि नियंत्रकांची नवी रचना मिळवण्यासाठी आहे. मोटर कशी बनवायची हे त्यांना कोणाला विचारावे लागलेले नाही.

टाळेबंद

जमाखर्च, आपण एकाच पेशातले दिसता, म्हणून आधी तुमच्या भागाकाराविषयी. गाडीमागे 40 हजार डॉलर हा आकडा वृत्तपत्रांना आवडतो, पण त्या 4.7 अब्जांमध्ये पुढे येणाऱ्या गाड्यांच्या संशोधनाचा खर्च आहे आणि नव्या कारखान्यांच्या उभारणीपूर्वीचा खर्चही आहे. तो सगळा आजच्या गाड्यांवर वाटणे म्हणजे नव्या खानावळीच्या बांधकामाचा खर्च पहिल्या दिवशी जेवलेल्या चाळीस ताटांवर टाकण्यासारखे आहे. अर्थात ते वजा केले तरी तोटा उरतोच, हे मान्य.

माझ्या मते खरी अडचण अशी की जुन्या कंपनीला एकाच वेळी दोन चुली पेटत्या ठेवाव्या लागतात. इंजिनाचे कारखाने कित्येक वर्षांपूर्वी उभे राहिले, त्यांचा घसारा बराचसा लिहून झाला आहे, त्यामुळे त्यांतून निघणारी प्रत्येक गाडी चांगला नफा देते. विजेवरच्या गाडीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा बॅटरीचा, आणि ती बॅटरी बहुतेकांना बाहेरून विकत घ्यावी लागते. इंजिन मात्र घरचे होते. म्हणजे ग्राहकाने आपली पेट्रोलची गाडी सोडून आपलीच विजेवरची घेतली, तरी कंपनीच्या नफ्याचा मोठा भाग बॅटरीतले सेल बनवणाऱ्याच्या खिशात जातो. चीनच्या बीवायडीचे उलट आहे. 1995 मध्ये शेनझेन येथे ती बॅटरीचीच कंपनी म्हणून सुरू झाली, 2003 मध्ये तिने एक छोटी मोटार कंपनी विकत घेतली, आणि मार्च 2022 मध्ये केवळ इंजिनावर चालणाऱ्या गाड्या बनवणे तिने बंद करून टाकले. तिला सोडण्यासारखे फारसे काही नव्हते. संचालक मंडळात बसलेल्या माणसाला ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ ही म्हण कोणी शिकवावी लागत नाही, आणि त्या म्हणीनुसार वागणारा माणूस सुस्त नसतो.

आता फोक्सवॅगनच्या बाबतीत एक गोष्ट लोक विसरतात. नव्या चुलीचे सरपण कोठून येणार होते? चीनमधून. 1984 मध्ये शांघायमध्ये भागीदारी करून ही कंपनी तेथे इतर बहुतेक परदेशी कंपन्यांच्या आधी पोहोचली होती. 2019 मध्ये समूहाच्या साधारण दर पाच गाड्यांपैकी दोन चीनमध्ये जात. चिनी भागीदारीतून समूहाच्या वाट्याला येणारा कार्यकारी नफा 2015 मध्ये पाच अब्ज युरोंहून अधिक होता. 2024 मध्ये तो दोन अब्जांच्याही खाली आला. 2023 मध्ये बीवायडीने तिला मागे टाकून चीनमधील सर्वाधिक खपाच्या नाममुद्रेचे स्थान घेतले. म्हणजे ज्या पेट्रोलच्या गाड्यांच्या नफ्यावर विजेचा खर्च भागवायचा होता, त्याच गाड्या चिनी ग्राहकाने घेणे कमी केले, आणि त्याच वर्षांत कॅरिअड दोन-दोन अब्जांहून अधिक तोटा दाखवत होती. खर्च वाढला म्हणून कंपन्या अडचणीत येतात, पण खर्च वाढत असताना त्याच्यासाठी राखलेले उत्पन्न आटले की पळता भुई थोडी होते.

आणखी एक. ही कंपनी नुसती कंपनी नाही. तिच्या पर्यवेक्षक मंडळात निम्मे सदस्य कामगारांचे प्रतिनिधी असतात, लोअर सॅक्सनी या राज्याकडे मतदानाचा सुमारे 20 टक्के हिस्सा आहे, आणि नवा कारखाना उभारणे किंवा असलेला हलवणे यासाठी त्या मंडळाची दोन तृतीयांश संमती कायद्यानेच लागते. 2021 च्या शरदात डीस यांनी 30 हजार नोकऱ्या जादा ठरू शकतात असे मंडळापुढे सूचित केल्याचे वृत्त आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! तुम्ही दिलेला 35 हजारांचा आकडा त्यानंतर तीन वर्षांनी आला.

उगीचप्रश्न

मग सरळ चिनी कंपनीकडूनच तंत्रज्ञान विकत घेऊन वर आपला बिल्ला का लावत नाहीत?

टाळेबंद

तेच चालू आहे. फोक्सवॅगनने जुलै 2023 मध्ये शाओपेंग या चिनी कंपनीत सुमारे 5 टक्के हिस्सा 70 कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले आणि चीनच्या बाजारासाठी तिच्याबरोबर गाड्या बनवण्यास घेतल्या. एके काळी चिनी भागीदार जर्मन अभियंत्यांकडून शिकत असत. भारतातही महिंद्राच्या नव्या विजेवरच्या गाड्यांतील सेल बीवायडीचे आहेत.

सॅक्सनीकर

मी गेली सात वर्षे जर्मनीत सॅक्सनीमध्ये राहतो. मोटार उद्योगात नाही, पण येथे शेजारीपाजारी कोणी ना कोणी त्यात असतेच. वरच्या चर्चेतून असा समज होईल की अर्ध्या मनाने बदलणाऱ्या कंपन्या मार खातात आणि पूर्ण उडी घेणाऱ्या तरतात, म्हणून त्स्विकाऊ या गावाचे उदाहरण देतो.

पूर्व जर्मनीच्या काळात ट्राबांट ही गाडी ज्या गावात बनत असे ते हे गाव. फोक्सवॅगनने येथला आपला कारखाना सुमारे 1.2 अब्ज युरो खर्चून पूर्णपणे विजेवरच्या गाड्यांसाठी बदलला. जून 2020 मध्ये तेथून शेवटची इंजिनाची गाडी, एक गोल्फ, बाहेर पडली. कामगारांना नव्याने प्रशिक्षण दिले गेले आणि कारखाना साऱ्या युरोपला नमुना म्हणून दाखवला जाऊ लागला. येथे कोणी अळंटळं केली असे म्हणता येणार नाही.

मग डिसेंबर 2023 मध्ये जर्मन सरकारने अर्थसंकल्पाच्या पेचामुळे विजेवरच्या गाड्यांचे अनुदान जवळजवळ एका शनिवार-रविवारात बंद केले. मागणी त्याआधीच मंदावत होती, ती आणखी घसरली. ज्या कारखान्यांत दोन्ही प्रकारच्या गाड्या बनत होत्या त्यांनी पेट्रोलच्या गाड्या वाढवून वेळ मारून नेली. त्स्विकाऊकडे मात्र बनवण्यासारखी दुसरी गाडीच नव्हती. मुदतीच्या करारावरील कामगारांचे करार पुढे वाढवले गेले नाहीत. तुम्ही ज्या डिसेंबर 2024 च्या कराराचा उल्लेख केला आहे, त्यानुसार 2027 पासून ‘आयडी.3’ येथून हलवून वुल्फ्सबुर्गच्या मूळ कारखान्यात नेली जाणार असून येथे औडीची एकच गाडी उरणार आहे. सर्वांत आधी आणि सर्वांत पूर्णपणे बदललेल्या कारखान्याच्या वाट्याला हे आले, आणि इतर कारखान्यांतल्या लोकांनी ते पाहिले. आता त्यांना ‘तुम्हीही बदला’ असे सांगणाऱ्या व्यवस्थापकाची काय गत होत असेल ते पाहा. माझ्या शेजारच्या काकांनी ट्राबांटच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. ते या विषयावर फारसे बोलत नाहीत, आणि विचारले तर हवामानाकडे वळतात.

आकुर्डीचाचेतक

टाळेबंद यांच्या ‘सोडण्यासारखे काही नव्हते’ या मुद्द्याला आपल्याकडचा दाखला. बजाजने 2009 च्या अखेरीस स्कूटरच्या धंद्यातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला होता, त्यामुळे जानेवारी 2020 मध्ये विजेवरची चेतक बाजारात आणताना तिने घरातल्या कोणत्याच पेट्रोल स्कूटरचे गिऱ्हाईक पळवले नाही. होंडाकडे ॲक्टिव्हा होती. विजेवरची ॲक्टिव्हा लोकांसमोर यायला 2024 चा नोव्हेंबर उजाडला. टीव्हीएसकडे मात्र ज्युपिटर हे चांगले खपणारे पेट्रोल वाहन असूनही आयक्यूब जानेवारी 2020 मध्येच आली आणि चाललीही, तेव्हा हा नियम म्हणून कोणी गिरवू नये. 2025 मध्ये बजाज आणि टीव्हीएस या दोन्ही जुन्या कंपन्यांनी विजेवरच्या स्कूटरच्या खपात ओला या नव्या कंपनीला मागे टाकले. गावोगावचे सर्व्हिस सेंटर कामी आले, असे माझे मत.

भोसरीचा गिअरवाला

मी भोसरीत गिअर बनवतो. माझे वडील 1988 पासून बनवत आले. माझ्या गिऱ्हाइकांत जुन्या मोटार कंपन्यांचे मोठे पुरवठादार आहेत, म्हणजे मी पुरवठादाराचा पुरवठादार. या धाग्यावर सगळे कंपनीच्या वरच्या मजल्याविषयी बोलत आहेत, म्हणून तळमजल्यावरून काय दिसते ते लिहितो.

पाच गतींच्या गिअरबॉक्सला रिव्हर्स धरून दहा-बारा तरी गिअर लागतात. विजेवरच्या गाडीला लागतो रिड्यूसर, म्हणजे मोटरचा वेग कमी करून चाकांना देणारी पेटी, आणि त्यात बहुतेक वेळा चारच गिअर. नग कमी झाले हे कोणालाही कळते. न कळणारी गोष्ट अशी की ते चार गिअर आमच्या जुन्या यंत्रांवर पास होत नाहीत. मोटर मिनिटाला दहा-पंधरा हजार फेऱ्यांनी फिरते, आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे दात किंचित जरी उणा-अधिक असला तरी गाडीत बारीक शिट्टी ऐकू येते. पूर्वी तोच दोष इंजिनाच्या घरघरीत झाकून जात असे. आम्ही हॉबिंग (दात कापणे) करायचो, शेव्हिंग (दात तासून साफ करणे) करायचो, मग हीट ट्रीटमेंट (तापवून कठीण करणे), आणि माल रवाना. आता हीट ट्रीटमेंटमध्ये दात जो किंचित वाकतो तो काढण्यासाठी नंतर प्रत्येक दात ग्राइंड करावा लागतो. मागे एका नमुना लॉटमध्ये आमचे गिअर मापात बसले, तपासणीच्या तक्त्यावर सगळ्या रेषा हद्दीच्या आत होत्या, तरी ते परत आले. शेरा एकच होता: ‘आवाज’. तो लॉट मी टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसलो. डोळ्यांना त्यात काही म्हणजे काही दिसत नव्हते.

तारजाळे म्हणतात तसे कंपनीला मोटर बनवायला जड जात नसेल. पण तिच्यामागे आमच्यासारख्यांची जी रांग उभी आहे, त्या रांगेतल्या प्रत्येकाला आपापले यंत्र बदलायचे आहे, आणि रांगेचा वेग शेवटच्या माणसाच्या चालीने ठरतो.

जमाखर्च (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गाडीमागच्या तोट्याचा माझा भागाकार घाईचा होता, हे मान्य. सॅक्सनीकर यांच्या उदाहरणाने माझे एक गृहीतक मोडले, कारण मी मनातल्या मनात ‘धीर केला की जमते’ अशी मांडणी करून बसलो होतो. गिअरवाले, तुम्हाला एक व्यावसायिक प्रश्न विचारतो, राग मानू नये: ग्राइंडिंगचे यंत्र घेण्यास तुम्हाला अडचण भांडवलाची आहे की कामाच्या खात्रीची? कारण भांडवलाची असेल तर बँक आहे.

भोसरीचा गिअरवाला

राग कसला, हाच प्रश्न बँकेच्या साहेबांनी विचारला होता. यंत्राचे दरपत्रक माझ्याकडे आहे, तिघांचे मागवले होते. बँक सात वर्षांचे कर्ज देण्यास तयार आहे. गिऱ्हाईक मात्र वर्षभराच्याच मालाचे लेखी देते, त्यापुढचे ‘मॉडेल चालले तर’ असे तोंडी सांगते. आपल्या वरच्या कंपनीकडून त्यालाही तेवढेच मिळालेले आहे, त्यामुळे त्याला तरी काय बोलणार? तूर्तास ग्राइंडिंग मी चाकणच्या एकाकडून जॉबवर्कने करून घेतो. त्याच्याकडे यंत्र एकच आहे आणि माझा नंबर आठवड्याला दोन पाळ्या लागतो, मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री.